चांदणीचा खरारा आणि तात्यांचं तेल

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात मला झोप नव्हती. कारण एकच. मिनूच्या डोक्यावर केस परत येतील की नाही?

डिसेंबरात तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला. तो उतरला, पोरगी खायला-प्यायला लागली, आम्ही हुश्श म्हणतोय तोवर तिचे केस गळायला लागले. उशीवर केस, फ्रॉकवर केस, भाकरीच्या ताटात केस. पाच वर्षांची मुलगी, जूनमध्ये शाळेत घालायची. शाळेत पोरं काय काय म्हणतील, याची यादी मी अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात करायची. यादी संपायची नाही, रात्र संपायची.

आता त्या काळजीतलं काहीच हाताला लागत नाही. ती गेली. राहिले ते लोकांचे सल्ले. काळजीच्या निमित्तानं घरात शिरलेली माणसं काळजीबरोबर जात नाहीत. मी अजून भांडी घासताना त्यांना आठवून एकटीच हसते, आणि चार मैत्रिणी जमल्या की एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा दारात उभाच असतो.

*

आम्ही तेव्हा सणसरला राहायचो. हे पाटबंधारे खात्यात. कालव्याच्या कडेला चार क्वार्टर्स. त्यातल्या दोन रिकाम्या, एकीत शिंदेवहिनी आणि एकीत आम्ही. क्वार्टर्सच्या मागं आबांचा तबेला. तबेला म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, एक दावण आणि चांदणी नावाची एक पांढरी घोडी. आबा पूर्वी बारामती स्टेशनवर टांगा चालवायचे. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोडी राहिली. ती आता लग्नात नवरदेव मिरवायची.

आणि तात्या. तात्या गावातले मोठे बागायतदार. उसाला पाण्याची पाळी कधी मिळणार हे विचारायला यायचे, आणि हे ऑफिसातून येईपर्यंत आमच्या ओट्यावर बसायचे. बसायचे म्हणजे चहा प्यायचे आणि बोलायचे. तात्यांना माहीत नाही असा विषय नव्हता. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्रीची. घामानं भिजले तरी टोपी काढायचे नाहीत, रुमाल तिच्या कडेकडेनं फिरवायचे. मला वाटायचं, केवढा रुबाब.

मिनू आजारातून उठली तेव्हा तिला पळायला मनाई होती. मग ती तबेल्यात जाऊन बसायला लागली. आणि नेमकं त्याच दिवसांत चांदणीचे केस गळायला लागले.

माझं काय झालं असेल, तुम्हीच बघा. पुढच्या दारी पोरगी, मागच्या दारी घोडी.

*

घोडीचं गळणं हे दरवर्षीचं, हे मला माहीत नव्हतं. कालव्याच्या काठाला थंडी जास्त, त्यामुळं चांदणीला हिवाळ्यात अंगभर दाट, लांब केस यायचे. ऊन तापायला लागलं की ते सुटायचे. आबा रोज सकाळी खरारा घेऊन बसायचे. खरारा म्हणजे मुठीत बसणारा, लोखंडी दातऱ्यांचा मोठा ब्रश. तो गोल गोल फिरवला की केसांचे पुंजके खाली पडायचे. मग गोणपाटाचा बोळा करून अंग चोळायचं. खायला हरभऱ्याच्या चंदीत थोडं जवस. बस, एवढंच.

आबांनी मिनूला एक जुना, दातऱ्या झिजलेला खरारा दिला. ती पाटावर उभी राहून घोडीच्या पोटापर्यंत पोचायची. दोघांच्या गप्पा चालायच्या.

"आबा, हिला दुखतं का?"

"न्हाय. बरं वाटतं. बघ की, व्हट कसा लोंबतोय."

"मग केस का जात्यात?"

"थंडी सरली. आता त्याचं काय काम हाय?"

मिनू घरी येऊन "हितं", "तितं", "न्हाय" बोलायला लागली, ही माझी दुसरी काळजी. मी दुरुस्त करायची. ती माझ्याकडं अशी बघायची की जणू मलाच बोलता येत नाही.

*

बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन तास रांगेत बसलो. त्यांनी मिनूच्या डोक्याकडे बघितलं, कागदावर टॉनिकचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "येतील."

मी म्हटलं, "कधी?"

"आले की कळेल तुम्हाला."

एस.टी.त मी यांना म्हटलं, हे काय उत्तर झालं? हे म्हणाले, "बरोबर आहे की." आमचे हे सरकारी माणूस. त्यांना असली उत्तरं तोंडपाठ असतात.

त्याच दिवशी बारामतीच्या पेठेतून मी एक महागडी तेलाची बाटली घेतली. बाटलीवर गुडघ्यापर्यंत केस सोडलेली बाई. मिनूनं एस.टी.त ती बाटली उलटसुलट फिरवून नीट बघितली आणि म्हणाली, "आई, हिची थंडी अजून सरली न्हाय?"

पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून बघत होता. मी बाटली पिशवीत टाकली.

*

सल्ल्यांचं सांगते. कांद्याचा रस एकीनं सांगितला. आठवडाभर चोळला. मिनूचे केस आले नाहीत, पण तिच्या जवळून जाणाऱ्याला भेळ खावीशी वाटायची.

शिंदेवहिनी म्हणाल्या, "तुम्ही एखादा नवस बोला. केस देवाला वाहते म्हणावं."

आमच्या सासऱ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात नवस नाहीत, हे वहिनींना माहीत होतं. तरी दर आठ दिवसांनी त्या नवीन देव सुचवायच्या. मी शेवटी म्हटलं, "वहिनी, वाहायचं काय? होते ते सगळे उशीवर पडले."

त्या रागावल्या नाहीत. विचारात पडल्या. म्हणाल्या, "उशी वाहिली तर?"

तात्यांनी मात्र सल्ला नाही, थेट माल आणला. एका जुन्या बाटलीत काळपट तेल, वर कागदाचं बूच. "ताई, ह्ये आमच्या घरचं. तीन पिढ्या आमच्यात ह्येच वापरत्यात. दुसरं काय लावू नका."

मी वास घेतला आणि बाटली माळ्यावर ठेवली. महिन्याभरानं यांच्या सायकलची चेन आवाज करायला लागली तेव्हा थोडं चेनला लावलं. तेल चांगलं आहे. चेन उत्तम चालली.

*

मग वस्तीत एक गहन वाद सुरू झाला. पोरीचे आणि घोडीचे केस एकाच वेळी कसे गळतात? तात्यांचं म्हणणं, पोरीनं घोडीचं घेतलं. शिंदेवहिनींचं म्हणणं, घोडीनं पोरीचं घेतलं. दोघं यावर तासन्‌तास भांडायचे. माझ्याच ओट्यावर, माझाच चहा पिऊन. आणि पोरगी आतच आहे, तिला कान आहेत, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

मी बी.ए. आहे. मला असल्या गोष्टी पटायला नकोत. पण खरं सांगते, दोन दिवस मला तात्यांचं पटलं. मी मिनूला तबेल्यात जायला बंदी केली. तिचे हात जंतुनाशकानं धुतले. तो झिजलेला खरारा चिमट्यात धरून मागच्या दाराबाहेर ठेवला. मिनू मागच्या खिडकीत बसून राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आबा दारात.

"वैनी, पोरगी आली न्हाय. चांदणी माघारी वळून वळून बघतीय."

मी अवघडत म्हटलं, "आबा, राग मानू नका. घोडीचं काही लागत असलं तर…"

आबांनी टोपी काढली. सत्तरीच्या माणसाच्या डोक्यावर पांढरे, दाट, ताठ केस. म्हणाले, "पन्नास वरसं घोड्याच्या अंगाला अंग लावून हाय मी. लागायचं तर मला पयलं लागाय पायजे हुतं का न्हाय?"

मी मिनूला सोडलं. तिनं बाहेर पडताना चिमट्यासकट खरारा उचलून नेला. चिमटा आबांकडेच राहिला. मी मागायला गेले नाही.

*

मार्च म्हणजे वाळवणाचे दिवस. शिंदेवहिनींनी बाजेवर धुतलेली साडी पसरून तिच्यावर कुरडया घातल्या होत्या. वारा सुटला. चांदणीचे केस वाऱ्यावर निघाले ते थेट ओल्या कुरडयांवर येऊन बसले. चिमण्यांना मजा. त्यांनी ते केस नेऊन यांच्या ऑफिसच्या पाटीमागं घरटं केलं. वहिनींनी मात्र दिसतील तेवढे वेचले, बाकीचे वाळवले.

आणि दुसऱ्याच आठवड्यात तात्या त्यांच्याकडं काही निरोप घेऊन गेले तेव्हा तळून वाढल्या. मला ओट्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, ह्यात केस हाय."

वहिनींनी वाकून ताटात बघितलं. मग म्हणाल्या, "शेजारच्या पोरीचा असंल. लई गळत्यात बिचारीचे."

मी हातातलं लाटणं घेऊनच गेले. लाटण्याचं मनात काही नव्हतं, हातात राहिलं होतं. म्हटलं, "वहिनी, माझी मुलगी पाच वर्षांची आहे. हा केस पांढरा आहे."

तात्यांनी केस उजेडात धरला. बराच वेळ बघितला. मग गंभीरपणे म्हणाले, "टायफॉईडनं पांढरा बी व्हतो."

*

इथं मला माझंही एक सांगायला पाहिजे. लोकांवर तोंड सोडायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नाही.

मिनूच्या टाळूवर आणि पुढं जवळजवळ काही उरलं नव्हतं. कानांभोवती आणि मागं विरळ लांब केस लोंबत होते. एका दुपारी मला ते बघवेना. मी कात्री घेतली आणि उरलेले सगळे कापून टाकले. वेडेवाकडे. कापून झाल्यावर ती आधीपेक्षा आजारी दिसायला लागली. मग मी पेटीतून लाल ठिपक्यांचा रुमाल काढला, डोक्याला घट्ट बांधला आणि सांगितलं, "बाहेर जाताना हा काढायचा नाही. कुणी म्हटलं तरी काढायचा नाही."

"आबा म्हटले तरी?"

"आबा म्हटले तरी."

तिनं विचारलं नाही, का. पाच वर्षांच्या मुलीनं "का" विचारलं नाही म्हणजे तिला उत्तर माहीत होतं. लाज तिला वाटत नव्हती, मला वाटत होती. मी ती तिच्या डोक्याला बांधली आणि वर गाठ मारली.

आबा एकदा म्हणाले, "वैनी, पोरीला झाकून का ठेवताय? झाकल्याली जागा घामेजती. वारं लागू द्या." मला राग आला. घोड्यावाल्यानं मला आईपण शिकवावं? मी गाठ आणखी घट्ट केली.

*

तात्यांच्या मुलाचं लग्न पाडव्यानंतर होतं. नवरदेव चांदणीवरून मारुतीच्या पाया पडायला जाणार, हे आधीच ठरलेलं. त्या वर्षी गावात केबल आली होती. टीव्हीतल्या नवरदेवाची घोडी दुधासारखी, आणि चांदणी म्हणजे अर्धी जुन्या पिवळट केसांत, अर्धी नव्यात. तात्या रोज येऊन बघायचे आणि आबांना म्हणायचे, "आवरा की लवकर."

आबा म्हणायचे, "तात्या, ते आपल्या हातात न्हाय. सुटल तसं काढायचं."

तात्यांना हातात नाही हा प्रकार मान्य नव्हता. आबा एक दिवस बारामतीला चंदी आणायला गेले. तेवढ्यात तात्यांनी कालव्यावरून चाललेल्या एका मेंढपाळाला गाठलं. त्याच्याकडे मेंढरं कातरायची मोठी कातर. त्याला म्हणाले, "एवढी घोडी कातरून दे. तुझ्या दहा मेंढरांएवढं काम. समद्या अंगाचं सारखं कर."

तो बिचारा म्हणाला, "घोडं कातरत न्हाईत."

"शिकवतो का मला?" तात्या म्हणाले.

त्यानं सुरुवात केली. मी धुणं वाळत घालत होते. मिनू किंचाळत आली तोवर घोडीची डावी बाजू खांद्यापासून पोटापर्यंत झाली होती. तोडणी अर्ध्यावर सोडलेल्या उसाच्या फडासारखी दिसत होती. आणि जिथं कातर लागली होती, तिथं खालून कातडी दिसत होती. काळी.

पांढऱ्या घोड्याची कातडी काळी असते. हे मलाही माहीत नव्हतं. पण मी गप्प बसले. तात्या गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

"हात तिच्या. ही घोडी मुळात काळी हाय," ते म्हणाले. "म्हाताऱ्यानं रंगवून पांढरी केलीय. म्हणून तर समदं गळतंय."

मेंढपाळानं कातर पुसली आणि मेंढरांच्या मागं निघून गेला. जाताना एकदाही मागं बघितलं नाही.

संध्याकाळी आबा आले. त्यांनी चांदणीच्या त्या बाजूवर हात ठेवला आणि खांद्यापासून पोटापर्यंत फिरवला. मग तात्यांना नाही, मला म्हणाले, "मेंढराचं कापावं लागतं, वैनी. घोड्याचं आपसूक जातं. आपून फकस्त हात लावायचा."

मला वाटलं ते घोडीबद्दलच बोलत होते. पण बोलताना त्यांची नजर मिनूच्या रुमालावर होती. मी घरात आले आणि कात्री ट्रंकेच्या तळाशी टाकली.

*

तात्यांनी लग्नाची घोडी रद्द केली. काळी घोडी नवरदेवाला चालत नाही म्हणे. आबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी करते. हा माझा दोष आहे.

मी आबांना म्हटलं, "कातरलेल्या जागेसकट सगळ्या अंगाला जरा नीळ लावून धुवा. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा जातो, मळ झाकतो. एकसारखी दिसेल."

आबांनी विचारलं, "चालंल?"

"न चालायला काय झालं?"

"शिकल्याल्या हायत तुमी," असं म्हणून त्यांनी बादली आणली.

नीळ किती घालायची ते मी सांगितलं. साडीला किती लागते ते मला माहीत होतं. घोडी साडीपेक्षा मोठी, म्हणून मी अंदाजानं वाढवली. उन्हात चांदणी वाळली तेव्हा ती मानेपासून शेपटीपर्यंत आकाशी झाली होती. कातरलेली जागा तर गडद निळी.

शिंदेवहिनी बघायला आल्या आणि काही न बोलता गेल्या. त्यांचं असं गप्प राहणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच दिवशी इंदापूरहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्या तबेल्यात गेल्या, घोडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि आबांना म्हणाल्या, "अजून पंधरा दिवस अशीच ठेवा. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीला पाठवा."

आबा म्हणाले, "आणा की माणसं. पर मला इचारू नका निळी कशानं झाली."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "विचारायचं काय त्यात," म्हणाल्या.

जयंतीपर्यंत नीळ टिकली नाही. मिनू आणि आबांनी रोज थोडी थोडी खराऱ्यानं काढली. जुन्या केसांबरोबर ती गेली.

*

आणि मग एका सकाळी मिनू पळत घरात आली. पळायची मनाई अजून उठली नव्हती. म्हणाली, "आई, चल. चांदणीला आलेत."

मी गेले. आबा तिला शिकवत होते. कातरलेल्या जागेवर तळहात ठेवायचा आणि केस ज्या बाजूला वळतात त्याच्या उलटा फिरवायचा. "डोळ्यानं दिसायच्या आदी हाताला कळतं," आबा म्हणाले. "बारीक टोचलं की समजायचं, येतंय. न्हाय टोचलं तर थांबायचं. दुसरं काय करायचं न्हाय."

मीही हात फिरवला. टोचत होतं. नव्या गादीच्या काथ्यासारखं.

घरी आल्यावर मिनू माझ्यासमोर उभी राहिली, स्वतःच गाठ सोडायला लागली. गाठ तिला सुटेना, इतकी मी ती घट्ट बांधली होती. मी सोडली. तिनं माझा हात धरून टाळूवर ठेवला, जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं.

"उलटा फिरव."

मी फिरवला.

"टोचतंय?"

मला वाटलं टोचतंय. पण माझ्या वाटण्यावर माझा भरवसा राहिला नव्हता. नीळ मीच सुचवली होती. हे जेवायला आल्यावर त्यांना म्हटलं, तुम्ही बघा. यांनी आधी हात धुतले, पुसले, मग फिरवला. पुन्हा फिरवला. मग पाटावर बसले. ताट पुढं ओढत म्हणाले, "डॉक्टर म्हणाला होता. आले की कळेल."

मी तरीही दुसऱ्या दिवशी रुमाल बांधला. थोडे मोठे होऊ देत, म्हटलं. इतके दिवस झाकले, आठ दिवस आणखी. मिनू डोकं पुढं करून उभी राहिली. फक्त म्हणाली, "गाठ ढिली बांध."

*

तात्या दरम्यान दुसरी घोडी शोधायला बारामतीला गेले होते. एका ठिकाणी पांढरी घोडी बघितली. केस गळत होते. दुसऱ्या ठिकाणी बघितली. तिचेही गळत होते. तिसरीकडं गेले तर मालक दारात बसून घोडीला खरारा करत होता आणि समोर केसांचा ढीग. भिगवणला एक आहे म्हणून कळलं, तिकडं गेले. तिचं अजून सुरूही झालं नव्हतं, पण तात्यांनी मानेवर हात मारला आणि मूठभर केस हातात आले.

दुसरा माणूस यावरून काही शिकला असता. तात्या आमच्या ओट्यावर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, जिल्ह्यात साथ आलीय."

मी म्हटलं, "तात्या, मागं जाऊन चांदणी बघा."

आबा फेब्रुवारीपासून रोज तिच्या मागं होते. त्यामुळं सगळ्या घोड्यांमध्ये तिचं आधी आवरलं होतं. कातरलेलं भरून आलं होतं, नीळ गेली होती. नवं अंग सायीसारखं, उन्हात डोळ्यांवर येत होतं. तात्या तिच्याभोवती फिरले. एकदा बोट ओलं करून घासून बघितलं, रंग जातो का. मग आबांना म्हणाले, "आता कशी झाली? मी मागं लागलो म्हणून झाली."

आबा म्हणाले, "व्हय."

मला आबांसारखं "व्हय" म्हणता आलं असतं तर मी फार सुखी झाले असते.

*

लग्नाच्या दिवशी तात्यांच्या अंगणात आम्ही सगळे. चांदणी झूल घालून उभी, लगाम आबांच्या हातात. मिनू त्यांच्या शेजारी, नवा फ्रॉक आणि डोक्याला तोच लाल ठिपक्यांचा रुमाल. मी बायकांच्यात, पण डोळे तिच्याकडे.

फेटेवाला पाव्हण्यांना फेटे बांधत होता. नवरदेवाचे वडील म्हणून तात्यांना मधोमध खुर्चीत बसवलं. तात्यांनी आपलं बोलणं चालूच ठेवलं होतं. बोलता बोलता त्यांची नजर मिनूवर गेली.

"काय गं पोरी," ते सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "रुमाल अजून हायच का? सोड बघू. आले का न्हाय केस, बघू दे समद्यांना."

बायका वळून बघायला लागल्या. मी उठले. मध्ये पंचवीस माणसं आणि दोन सतरंज्या. मला एवढंच सुचत होतं की तिला उचलून घरी न्यावं.

मिनूनं आबांकडं बघितलं. आबांनी काहीच केलं नाही, लगाम धरून उभे राहिले. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मला मान हलवता आली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. तिनं दोन्ही हात वर नेले आणि ढिली गाठ सोडली.

आले होते. बोटाच्या अर्ध्या पेराएवढे, टाळूभर सारखे, काळेभोर, उभे. मला इतके दिसतील असं वाटलं नव्हतं.

"हां," तात्या म्हणाले. सगळ्यांकडं बघून म्हणाले, "आले का न्हाय? आमचं तेल. तीन पिढ्यांचं हाय. सांगितलं हुतं मी ताईंना, दुसरं काय लावू नका."

माझ्या डोळ्यांसमोर यांची सायकल आली. मी तोंडाला पदर लावला.

फेटेवाल्याला उशीर होत होता. तो फेट्याचं कापड हातावर घेऊन तात्यांच्या मागं आला आणि न विचारता त्यांची टोपी उचलून बाजूला ठेवली.

चिंचेनं घासून ठेवलेलं तांब्याचं घंगाळ असतं ना, तसं डोकं. कानापासून कानापर्यंत. वाजंत्रीवालाही सनई तोंडाशी नेता नेता थांबला.

मिनू पुढं गेली. खुर्चीच्या दांडीवर एक पाय ठेवून वर चढली. तात्यांना काय चाललंय कळायच्या आत तिनं तळहात त्यांच्या डोक्यावर ठेवला, आणि शिकवलं होतं तसा, सावकाश, मागून पुढं फिरवला. थांबली. दुसऱ्या बाजूनं पुन्हा एकदा फिरवला. टाळूवर बोटांनी नीट चाचपून बघितलं. तिला घाई नव्हती.

मग खाली न उतरताच ती घोडीच्या दिशेनं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, हितं काय टोचत न्हाय."